चौथं पीस

१

माझा मुलगा सयाजी ब्रह्मदेशच्या लढाईत बेपत्ता झाल्याची तार आली, त्याला वर्ष होत आलं होतं. तेव्हापासून त्याची कबुतरं रोज सकाळी मी सोडायचो. शिडीनं माळवदावर चढायचं, ढाबळीची कडी काढायची, मूठभर ज्वारी टाकायची, परळात पाणी भरायचं. कबुतरं फडफडत बाहेर पडायची, उसाच्या मळ्यांवरून कृष्णेपर्यंत एक फेरी मारायची आणि माघारी येऊन कठड्यावर बसायची. मी तिथंच बसून विडी ओढायचो. दिवसातला तेवढाच वेळ मला बरा जायचा.

ढाबळ सयाजीनंच ठोकली होती. माळवदाच्या कोपऱ्यात कबुतरांसाठी बुटकी लाकडी खोली. पुढं फळ्या, बाजूला कमरेइतकं दार. माणसाला आत ताठ उभं राहता येत नसे. खाली घरात आम्ही दोघंच, मी आणि सयाजीची बायको बनुबाई. माझी बायको सयाजी लहान असतानाच गेली.

आमचं गाव पलूसच्या बाजूला, नदीकाठाला. तिथनं पलटणीत पुष्कळ पोरं गेली, पण कबुतरांमुळं गेला तो सयाजी एकटाच. भरतीच्या साहेबानं विचारलं, तुला काय येतं? हा म्हणाला, कबुतरं सांभाळायला येतात. बाकीचे हसले, साहेब हसला नाही. निरोप न्यायला सरकारनं लढाईवर कबुतरं ठेवली होती, त्यांच्याकडं याला धाडलं. गावात त्यावर बरेच दिवस थट्टा चालली. आमच्या शेजारचा दादासो पहिल्या लढाईत बसऱ्याला जाऊन पेन्शन घेऊन आलेला. तो म्हणायचा, "आमाला संगीन दिली, आन् तुज्या पोराला ज्वारी दिली."

शेवटच्या रजेला सयाजी तारेच्या आधीच्या दिवाळीत आला. माझ्यासाठी एका खाकी रुमालात त्यानं पलटणीच्या कबुतरांची गळलेली पिसं आणली होती. पंखाची लांब पिसं, ज्यांच्या जोरावर पाखरू उडतं ती.

"आबा, लय धिप्पाड पाखरं हायत तिकडं," तो म्हणाला. "पिसं टाकवंनात. तुमाला सांदायला हुतील."

ते त्याचं अखेरचं घरी येणं.

२

एकोणीसशे पंचेचाळीस सालचा वैशाख नुकताच लागला होता. एका सकाळी ससाण्यानं चित्रीवर झडप घातली. चित्री म्हणजे सयाजीची ठिपक्यांची मादी. ती निसटली, पण डाव्या पंखाची तीन लांब पिसं मधोमध मोडली. मोडकं पीस जागेवर असेतो नवं फुटत नाही आणि जुनं गळायला पावसाळा उलटावा लागतो. तोवर ती कठड्यावर बसून राहिली असती आणि ससाणा परत आला असता.

पीस सांधायची रीत मी तरुणपणी एका संस्थानच्या शिकारखान्यात शिकलो होतो. मोडक्या पिसाचा बुंधा बोटभर ठेवून तिरका कापायचा. तो आतून पोकळ असतो. बांबूची बारीक काडी तासून, डिंकात बुडवून अर्धी त्या बुंध्यात सरकवायची आणि उरलेल्या अर्ध्या काडीवर दुसऱ्या पाखराचं गळलेलं पीस बसवायचं. डाव्या पंखाला डाव्याच पंखाचं पीस लागतं. काम नीट झालं तर सांधा नखाला लागतो, डोळ्याला दिसत नाही.

सयाजीला हे मीच शिकवलं. तो डावखुरा. त्यामुळं त्याची तिरकी कापणी माझ्या उलट बाजूला जायची. पंख उघडून नख फिरवलं की कुठलं पीस माझ्या हातचं आणि कुठलं त्याच्या हातचं, हे मला डोळे मिटून कळायचं.

रुमालातली तीन पिसं मी चित्रीला लावली. बनुनं तिला मांडीवर धरलं आणि पंख ताणून उघडा ठेवला. दादासो बघायला आला होता.

"आकाराम, सरकारी पिसं लावलीस गड्या," तो म्हणाला. "आता ही हुकमाबिगर खाली उतरायची न्हाई."

बनु हसली. तार आल्यापासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. मी मान खाली घालून काम करत राहिलो, कारण मी पाहिलं असतं तर ती थांबली असती.

३

दुसऱ्या दिवशी चित्रीनं फेरी घेतली नाही. दार उघडताच ती बाहेर पडली आणि दोरी ताणावी तशी सरळ उगवतीकडं गेली. बाकीची नदीवरून परतली तरी तिचा पत्ता नव्हता.

दुपारी बनु माळवदावर शेवया सुकवायला गेली होती. तिथनं तिची हाक आली.

"आवं मामंजी, चित्री आली. पर भिजलीया ही."

मी वर गेलो. चित्री ढाबळीच्या उंबऱ्यावर बसली होती आणि तिच्या अंगाखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. वैशाखाचं ऊन. माळवदाच्या मातीवर पाय ठरत नव्हता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मी तिला हातात घेतलं. अंग गार होतं आणि पिसांना कुजलेल्या पाल्याचा वास येत होता. असला दाट, जंगली वास आमच्या मुलखात कधीच येत नाही.

"हिरीत पडली आसंल," मी म्हणालो.

"हिरीत पडल्यालं कबूतर वर येतंय व्हय?"

पुढचे काही दिवस मी आसपासच्या मळ्यांतून विहिरी बघत हिंडलो. कुठं मोट चालते, कुठं पाटाला पाणी आहे, कुठं पाला कुजतो. लोक विचारत, काय हरवलं? मी काय सांगणार? चित्री रोज जायची आणि रोज ओली यायची. दादासोचा भाचा जखमी होऊन ब्रह्मदेशातून परतला होता. दादासो म्हणाला, "त्यो सांगत हुता, तिकडं वैशाखातच पाऊस धरतोय. आठ आठ दिस उघडत न्हाई." एवढं बोलून त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच बैलांचा विषय काढला.

मी अडाणी माणूस, पण कबूतर एका सकाळीत किती लांब जातं हे मला माहीत आहे. ब्रह्मदेश कुठं, आमचं गाव कुठं. आगगाडीला आणि आगबोटीला मिळून आठवडे लागतात. मी स्वतःला हे रोज सांगायचो, आणि रोज दुपारी तो वास हाताला लागायचा.

४

एका दुपारी मी चित्रीचं अंग पुसून तिचा पंख उघडला. मी लावलेली तीन पिसं जागेवर होती. त्यांच्या शेजारचं चौथं पीसही सांधलेलं होतं.

ते पीस मी लावलं नव्हतं. मी नख फिरवलं. कापणी उलट बाजूला होती.

बनु माझ्यासमोर येऊन बसली. तिनं स्वतः नख फिरवून पाहिलं. सयाजीबरोबर बसून तिनं पुष्कळदा पाखरं धरली होती, तिलाही फरक कळत होता.

"त्यांच्या हातचं हाय," ती म्हणाली.

"हात कुणाचाबी आसंल. जगात डावरी माणसं काय थोडी हायत?"

"पीस सांदणारी डावरी माणसं किती हायत, मामंजी?"

त्या एका प्रश्नानं मी साताऱ्याला गेलो. पलटणीतल्या माणसांची खबर ठेवणाऱ्या तिथल्या कचेरीत मी आधीही जाऊन आलो होतो. तिथला कारकून भला माणूस. त्यानं मला बसायला बाक दिला, पाणी दिलं. मी त्याला पिसाचं सांगितलं नाही. ते ऐकून त्यानं पुन्हा बाक दिला नसता. मी एवढंच म्हणालो, "साहेब, पोरगं मेलं म्हना, न्हाईतर जित्तं हाय म्हना. दोनीतलं एक द्या, मी घिऊन जातो."

त्यानं टाक पुसून ठेवला. मग म्हणाला, "आजोबा, माझ्याकडं दोन्ही नाही."

परतीच्या वाटेवर मला एवढा संताप आला की रस्त्याकडेच्या बाभळीला मी काठी मारली. काठीच मोडली. वैतागल्यावर माणसं आवाज चढवतात, भांडतात. मला ते कधी जमलं नाही. माझा राग आतल्या आत फिरतो आणि मलाच दमवतो.

५

मी परतलो तेव्हा बनुचा भाऊ लालासाहेब शिराळ्याहून आला होता. मोठ्या आवाजाचा, मनानं साफ गडी. हळद विकायला सांगलीला निघाला होता. ओट्यावर बसून तो माझ्याशी बोलला, पण बनुला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"मामा, रागावू नका. पोर ईस वर्साची हाय. मूल न्हाई, बाळ न्हाई. हितं कुणाची वाट बगत बसायची तिनं?"

"मी कवा धरून ठेवलंय तिला?"

"तुमी न्हाई धरलं. तुमच्या कबुतरांनी धरलंय." तो हसला, मग गंभीर झाला. "आमच्या शिराळ्यात आमी नागोबा धरतो. पर सण झाला की ज्याच्या त्याच्या बिळापाशी न्हिऊन सोडतो. तुमी माणूस सोडंना."

त्याचं खरं होतं. बनुनं जावं, पुन्हा संसार करावा, हे मलाही हवं होतं. माझ्यासाठी भाकरी थापत तिनं म्हातारं होऊ नये, एवढीच माझी इच्छा उरली होती. पण चौथं पीस बघितल्यापासून तिला जा म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. न जाणो, खरंच असला तर? आणि नसला तर, ती बसून राहणार कुणाच्या भरवशावर? मला धड आशा धरता येईना, धड सोडता येईना.

"हळद घालून पंधरा दिसांनी माघारी येतो," लालासाहेब म्हणाला. "तवा गाडी हितं थांबवणार. बने, गाठोडं बांदून ठेव."

बनु चुलीपुढून म्हणाली, "दादा, तुजी हळद लय भावात जाऊ दे. माजी काळजी नगं."

६

त्यानंतर बनु चित्रीच्या पायाला काहीबाही बांधू लागली. पहिल्यांदा लुगड्याच्या काठाचा दोरा. चित्री आली ती दोऱ्यावाचून. मग तिनं आपल्या केसांची बट बांधली. त्या दुपारी चित्रीच्या पंखात आणखी एक पीस सांधलेलं होतं, आणि सांध्यावर बनुचा केस गुंडाळलेला होता.

बनु ते पीस गालाला लावून रडली. मला मात्र तो केस खटकला. सांधा चांगला असेल तर त्याला दोरा गुंडाळावा लागत नाही. सयाजी दोरा वापरणाऱ्या माणसांना हसायचा. कापणी त्याची होती, गुंडाळणं त्याचं नव्हतं. शिकलेलं आठवतंय पण कशासाठी ते विसरलंय, असं ते काम होतं.

आणि ती पिसं मोडलेली नव्हती. आदल्या संध्याकाळी मी पंख उघडून बघितला होता, सगळी धड होती. धड पीस कुणी कापून काढतं का? पण रोज एखादं धड पीस जायचं आणि त्या जागी सांधलेलं यायचं. डावा पंख सरला, मग उजवा सुरू झाला. काम संपलंय हे तिकडच्या कुणाला कळत नव्हतं.

शेवटी शेवटी लावलेली पिसं कबुतराची नव्हती. कुठल्या पाखराची, ते मला सांगता यायचं नाही. काळी, लांब. आपल्याकडच्या पाखरांच्या पिसाचे धागे एकमेकांना धरून असतात, बोट फिरवलं की पुन्हा जुळतात. या पिसाचे धागे ओल्या केसांसारखे सुटे होते. वारा त्यांच्यातून निघून जायचा. तसल्या पिसांवर पाखरू उडणं शक्य नाही. चित्री उडत होती. ती ज्वारी खात नव्हती. हातात घेतली की मूठ रिकामीच वाटायची. बाकीची कबुतरं ढाबळीत शिरायला तयार होईनात. उन्हातान्हात समोरच्या लिंबावर बसून राहायची.

"बनु, बास झालं आता," मी म्हणालो.

"थोडंच ऱ्हायलंय, मामंजी."

"कशाचं थोडं?"

तिलाही ते माहीत नसावं.

७

मी कात्री घेतली. भर सकाळी, बनुच्या देखत, चित्रीचे दोन्ही पंख उघडून लांब पिसं बुंध्यापासून कापून टाकली.

"नगा, मामंजी, नगा!" तिनं माझं मनगट धरलं. "वाट तुटंल!"

"कसली वाट? वाट आसती तर त्यो आला नसता का?" मी इतक्या मोठ्यानं कधी बोललो नव्हतो. खाली दादासोची म्हैस दचकली. "आता ती जायची न्हाई. ऱ्हाऊ दे हितंच."

चित्रीला ढाबळीत ठेवून मी बाहेरून कडी लावली. कापलेली पिसं चुलीत टाकली. ती पेटली नाहीत, नुसती वाफ आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी ठेवायला वर गेलो. कडी जशीच्या तशी होती. मी दार उघडलं. चित्री मधोमध बसली होती आणि तिचे पंख पूर्ण होते. एकेक पीस सांधलेलं. समोरच्या फळीवर बांबूच्या ताशीव कपच्या पडल्या होत्या. हिरव्या, ओल्या बांबूच्या. आमच्याकडं वैशाखात असला बांबू मिळत नाही. आतली जमीन ओली होती आणि तो ओलावा माझ्या डोळ्यांदेखत सुकत होता. बाहेर माळवदावर बारीक धूळ पसरलेली होती. तिच्यावर माझ्या पायांशिवाय कुणाचं पाऊल नव्हतं.

मी स्वतःशी म्हणालो, बनुनं केलं असेल. तीच आली असेल वर. मग मला आठवलं, सकाळपासून ती माझ्यासमोर जात्यावर बसली होती.

पाखराला तिकडं जाता आलं नाही, म्हणून सांधणारा इकडं आला होता. हे असं सरळ वाक्य माझ्या मनात उमटलं आणि मी कडी लावून शिडी उतरलो.

८

सुदैवानं दुसऱ्याच दिवशी लालासाहेब आला. मी त्याला काही सांगितलं नाही. बनुला म्हणालो, "तू जायाचं. आज. माजं ऐक."

मला वाटलं होतं ती भांडेल. तिनं मान डोलावली. आम्हा दोघांना वाढलं, भांडी घासली, गाठोडं आणून ओट्यावर ठेवलं. लालासाहेब खूश झाला. बैल जुंपता जुंपता मला म्हणाला, "मामा, तुमीबी चला. शिराळ्यात कबुतरं न्हाईत, पर जिलबी चांगली मिळती."

मी हसलो. मग बघितलं तर ओट्यावर गाठोडं होतं, बनु नव्हती.

माळवदावर ऊन पांढरं पडलं होतं. कुठं आवाज नव्हता. लिंबावरची कबुतरंही गप्प होती. ढाबळीचं दार उघडं होतं आणि उंबऱ्याशी बनु बसली होती. माझ्याकडं पाठ, डावा हात दारातून आत. शेजारी तिच्या त्या हातातल्या हिरव्या बांगड्या नीट काढून ठेवलेल्या होत्या. आमच्यात धनी वारल्यावरच बाईच्या हातच्या बांगड्या उतरतात. तिनं त्या कामात अडथळा होऊ नये म्हणून उतरवल्या होत्या.

मी जवळ गेलो. बाहेरच्या उजेडामुळं आत काळोख दाट दिसत होता, चित्रीसुद्धा दिसत नव्हती. त्यात तिचा हात सरळ ताणलेला होता, तळवा खाली. पाखराचा पंख उघडून धरतात तसा. मनगटाखाली दोन बोटांचा आधार होता. ती बोटं फार दिवस पाण्यात राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली होती. त्यामागं काय होतं ते मला दिसलं नाही. मी बघितलंही नाही. आतून ओल्या पाल्याचा वास येत होता आणि कुठं तरी लांब, पानांवर पाऊस पडत असल्याचा आवाज येत होता.

एक अंगठा तिच्या हातावरून हळूहळू वर सरकत होता. मोडकं कुठं आहे ते शोधताना असाच अंगठा फिरवायचा असतो.

"सया," मी म्हणालो.

अंगठा थांबला.

"बाळा, तिचं काय मोडलं न्हाई. धडधाकट हाय ती. सोड."

अंगठा थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यानं माझ्या शब्दाची खात्री करून घेतल्यासारखं पुन्हा मनगटापासून सुरुवात केली. वर सरकला. कोपराच्या अलीकडं थांबला आणि हलला नाही.

"मोडलंय, मामंजी," बनु म्हणाली. तिचा आवाज झोपेतल्यासारखा होता. "त्यास्नी गावलं."

आत बांबू चिरल्याचा बारीक आवाज झाला.

मी गुडघ्यांवर बसलो आणि माझा हात तिच्या हाताशेजारून आत घातला. "ह्यो घे," मी म्हणालो. "मोडलंय ते माजं. हिला जाऊ दे, मला घे."

थोड्या वेळानं तिचा हात सुटला आणि माझा धरला गेला. स्पर्श गार होता, ओला होता, आणि फार सांभाळून केलेला होता. त्यानं माझी बोटं एकेक करून उघडली. मनगट वळवून बघितलं. कोपरापर्यंत गेला, खांद्यापर्यंत गेला. मी डोळे मिटले होते. मला भीती वाटत होती, आणि खरं सांगायचं तर त्यानं सोडू नये असंही वाटत होतं. दीड वर्षात त्याच्या हाताचा एवढाच स्पर्श मला झाला. तो हात त्याचा असेल तर.

मग त्यानं माझा हात उचलला आणि हळूच बाहेर आणून उंबऱ्यावर ठेवला.

म्हाताऱ्या पाखराला पीस सांधत नाहीत. त्याच्या बुंध्यात ते धरून ठेवायचा जोर राहिलेला नसतो, ते पहिल्याच झेपेला निखळतं. हे मीच त्याला शिकवलं होतं.

तो पांढरा तळवा उंबऱ्याच्या आत उघडा राहिला. वाट बघत. माझी नाही.

"बने!" खालून लालासाहेबाची हाक आली. "आगं, बैल उन्हात हायत!"

बनु माझ्याजवळ उभी होती. डाव्या हातानं उजवा खांदा धरून, थंडी वाजल्यासारखी. मी तिला म्हणालो, "जा. वळून बगू नगंस."

"आन् ह्ये?"

"ह्येचं मी बगतो. माजं पोरगं हाय."

ती उभीच राहिली. मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्या तोंडावरनं तिला सगळं कळलं असतं. शेवटी ती वाकली, माझ्या पायांना हात लावला आणि गेली. शिडी करकरली. लालासाहेब काहीतरी बोलून हसला. चाकं वाजली, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज वेशीकडं गेला. तो ऐकू यायचा बंद होईपर्यंत मी हललो नाही. तळवाही हलला नाही.

मग मी दाराला हात घातला. आतून जोर लागेल म्हणून पाय रोवले, खांदा फळीला टेकवला. जोर लागला नाही. दार लावणाऱ्याची अडचण होऊ नये म्हणून घरातलं माणूस जसा हात मागं घेतं, तसा त्यानं आपला हात हळूच आत घेतला.